माशाच्या पाण्यातला भात

माझ्या आईने बेचाळीस वर्षं मासा खाल्ला नव्हता, आणि मी तिला तो इथे ओहायोत, डब्लिनला, सहा महिने भातातून खाऊ घातला. आधी नकळत आणि मग चांगली कळूनसवरून. हे आधीच सांगून टाकते. मागाहून कोणी म्हणायला नको की बाईने गोष्ट रंगवली आणि स्वतःचं तेवढं झाकलं. झाकायचं तेवढं माझं झाकून झालंय.

आई वेंगुर्ल्याची. म्हणजे बांगड्याचं तिखलं, सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, आमटी, आणि पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की सुकी मासळी. भात हे तिकडे माशाचं निमित्त. आई बांगड्याचं डोकं चोखायला बसली की तिच्याशी कोणी बोलायचं नाही, असा घरातला दंडक होता. मी आठ वर्षांची असताना माझ्या चार वर्षांच्या भावाला मेंदूज्वर झाला. सात दिवस तो हॉस्पिटलात डोळे मिटून पडला होता. तेव्हा आईने गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं, माझा पोर उठून बसू दे, मी जन्मात मासळी तोंडाला लावणार नाही. शेजारणी म्हणाल्या, अगो, नारळ बोल, कोंबडा बोल. आई म्हणाली, देवाला काय नारळांची वाण आहे? द्यायचं तर आपल्याला सोडवत नाही तेच द्यावं. आठव्या दिवशी भावाने डोळे उघडले आणि पेज मागितली. औषधं लागू पडली असणार, दुसरं काय! पण आईपुरता व्यवहार पक्का झाला होता.

तिने मासे खायचे सोडले, करायचे नाही. आम्हा तिघांसाठी ती रोज रांधायची आणि चाखल्याशिवाय, नुसत्या वासावरून, मीठ कमी की जास्त ते सांगायची. शंका आलीच तर मला हाक मारायची, "बाय, जरा चाखून बघ गो." मी पळीतलं कालवण तळहातावर घेऊन चाटायचे आणि सांगायचे, कोकम कमी पडलंय. लग्न होईपर्यंत मी तिची जीभ होते. बाबांना, मला आणि भावाला तळलेल्या तुकड्या वाढून ती स्वतः ताकभात खायची. भाऊ तिच्यासमोर मिटक्या मारत काटे काढायचा. त्याला कधी त्याचं काही वाटलं नाही, आणि वाटावं तरी का? त्याच्या जिवासाठीच तर ती ताकभात खात होती.

बाबा गेले आणि आई जेवेनाशी झाली. भाऊ कुडाळला, तो आणि भावजय दोघंही दिवसभर नोकरीवर, घरात आई एकटी. मी म्हटलं, इकडे ये. ती विरोध करायच्याही अवस्थेत नव्हती. मी तिला आणलं, तिच्या ग्रीन कार्डचा अर्ज भरला, खालच्या मजल्यावरची खोली तिला दिली. माझा नवरा आठवड्यातले चार दिवस क्लायंटकडे दुसऱ्या शहरात, मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात, मी सकाळपासून लॅपटॉपसमोर मीटिंगांत. म्हणजे आई तिथे एकटी होती ती इथे येऊनही एकटीच, फक्त इथे हीटर होता.

आणि भात! बासमती वाढला की ती बोटाने शितं बाजूला करायची. "ह्या सुया कोण खाणार गो?" इंडियन स्टोअरमधून आणलेला दुसरा तांदूळ केला तर म्हणाली, याला गोणीचा वास येतो. उकडा तांदूळ मिळाला तो इतका जुना की दोन तास शिजवूनही दाताला लागत होता. ती दोन घास खायची आणि "बास" म्हणायची. बावन्न किलोची बाई त्रेचाळीसवर आली. डॉक्टरने डाएटिशियनकडे पाठवलं. त्या मुलीने व्हॅनिलाच्या प्रोटीन शेकचे सहा डबे हातात ठेवले आणि म्हणाली, दिवसातून तीनदा. आईने एक घोट घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला एरंडेल पाजलंय. मी त्या मुलीवर पार्किंग लॉटमध्ये उगाचच, ती समोर नसताना, मराठीत यथेच्छ तोंडसुख घेतलं. माझ्या नाकावर राग असतो, सगळ्यांना माहीत आहे. भीती वाटली की मला राग येतो, हे फार थोड्यांना माहीत आहे.

इथून अर्ध्या तासावर जपानी मोटारींचा मोठा कारखाना आहे. त्यामुळे आमच्या डब्लिनमध्ये जपानी कुटुंबं पुष्कळ आणि त्यांचं एक वाणसामानाचं दुकानही आहे. मी तिथे वर्षानुवर्षं जात नव्हते. एकदा मुलीला शाळेसाठी ओनिगिरी नावाचा जपानी खाऊ हवा होता म्हणून शनिवारी गेले आणि आईलाही गाडीत घातलं, तेवढीच हवा लागेल म्हणून. आतल्या बाजूला शिजवलेल्या पदार्थांचा काउंटर, त्यामागे साठीच्या घरातली एक जपानी बाई. मनातल्या मनात मी तिला काकू म्हणायला लागले ते आजतागायत.

आईने काउंटरच्या काचेतून बघितलं ते भाताकडे. पांढरा, बुटका, एकमेकाला धरून बसलेला भात. "हा नव्या तांदळाचा," ती म्हणाली. कित्येक आठवड्यांत तिने आपणहून काढलेलं ते पहिलं वाक्य. काकूंनी तिला चमच्यावर थोडा दिला. आईने तो जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाली, "गोड आहे." मी तिथल्या तिथे दहा पौंडांची पिशवी उचलली.

मग दर शनिवारी आमची वारी नव्हे, मोहीमच सुरू झाली. आई एकेक पदार्थ बघायची आणि शेरे मारायची. ओनिगिरी म्हणजे मिठाच्या हाताने वळलेला भाताचा त्रिकोण, त्याला समुद्राच्या शेवाळाचा काळा कागद. "कागदासकट खायचं? बरं बाबा." तळलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेला आंबटगोड भात, त्याला इनारी म्हणतात, तो तिला प्रसादासारखा वाटला, पण दुसरा नको म्हणाली. भातावर गरम चहा ओतून खातात हे ऐकल्यावर तिने कपाळाला हात लावला. "आपण ताक ओततो, ते चहा. दोघांनाही कालवल्याशिवाय गिळवत नाही, एवढं खरं." भाताच्या वाडग्यावर कोंबडी आणि अंडं घातलेल्या पदार्थाचं नाव काकूंनी समजावून सांगितलं, त्याचा अर्थ आई आणि पिल्लू असा होतो. आई म्हणाली, "शी! काय नावं ठेवतात लोक!" आणि हसली. किती दिवसांनी हसली होती! मला गाडीत रडू आलं, ते मी सिग्नलवर पुसून टाकलं.

तिला आवडला तो एकच भात. ताकिकोमी गोहान त्याचं नाव, आईच्या भाषेत तपकिरी भात. गाजर, मशरूम, कुठल्यातरी मुळाचे काप, तळलेला टोफू, सगळं तांदळाबरोबरच शिजवलेलं. मसालेभाताची एखादी अबोल बहीण म्हणा. मी काकूंना विचारलं, "नो मीट?" त्या मान हलवून म्हणाल्या, "नो मीट, नो मीट. व्हेजिटेबल." खोटं नाही बोलल्या बिचाऱ्या. "नो फिश?" असं मी विचारलंच नाही. वेंगुर्ल्याच्या बाईची लेक आणि मासा विचारायचं विसरली! पण आमच्या डोक्यात मासा दिसतो तो तुकडीच्या रूपात, हळद-मीठ लावलेला. भाताला तपकिरी रंग देणाऱ्या पाण्यात तो असेल हे माझ्या गावीही नव्हतं.

आईने त्या दिवशी अख्खा डबा संपवला. वाडगा नाकाशी धरला, क्षणभर थांबली आणि मग तळाला चिकटलेली शितंही बोटाने पुसून खाल्ली. "अजून आहे?" तिने विचारलं. अहो, माझ्या आईने अजून मागितलं! मी तशीच गाडी काढली आणि परत जाऊन चार डबे आणले.

भाऊ रोज व्हिडिओ कॉल करायचा. त्याची संध्याकाळ, आमची सकाळ. "आई, काल काय जेवलीस?" आई रिकामा वाडगा कॅमेऱ्यासमोर धरायची. महिन्याभरात तिच्या गालावर मांस आलं. माझी मुलगी म्हणाली, "आजी इज ग्लोइंग." मी मैत्रिणींना सांगत सुटले, भाताने माझी आई परत दिली. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी माझी सवय.

डिसेंबरमध्ये एका रविवारी मुलगी किचनमध्ये उभी राहून डब्यावरच्या जपानी लेबलवर फोन धरून बघत होती. हल्लीच्या फोनला कुठलीही भाषा वाचता येते. "मॉम," ती म्हणाली, "धिस हॅज फिश." मी म्हटलं, "काहीतरी बोलू नकोस." "नो, लुक. बोनिटो एक्स्ट्रॅक्ट. इट्स लाइक अ ब्रॉथ." मी फोन तिच्या हातातून ओढून घेतला. बोनिटो म्हणजे आपल्या कुप्याच्या, ट्यूनाच्या, जातीचा मासा. तो धुरावर सुकवतात, लाकडासारखा कडक करतात, त्याचा कीस काढतात आणि तो उकळून जे पाणी निघतं त्यात हे लोक अर्धा स्वयंपाक करतात. हे सगळं मी पुढच्या दहा मिनिटांत वाचलं. आई तेव्हा शेजारच्या खोलीत टीव्हीवर कीर्तन ऐकत होती. मुलीला मी दम भरला, "आजीला यातला एक शब्द सांगायचा नाही." ती म्हणाली, "बट दॅट्स लाइंग." मी म्हटलं, "हो, आहे."

पहिला फोन भावाला केला. कशासाठी ते खरं सांगते. तो धडधाकट आहे ना, हे बघायला. मी इंजिनियर, वर्षाचे बारा महिने सर्व्हरचे लॉग वाचून कारणं शोधते, देवाला नमस्कारसुद्धा गणपतीतच करते, आणि त्या दिवशी भावाने "हॅलो" म्हणेपर्यंत मी फोनच्या रिंगा मोजत होते. त्याला सगळं सांगितलं. तो खो खो हसला. "म्हातारी शेवटी मासा खायला लागली म्हण की! अगं, खाऊ दे तिला. सांगू नकोस हां. मला काय धाड भरलीय?" त्याचं हसणं ऐकून मलाही हसू आलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं दोघांनी ठरवलं.

तरी मी एकदा प्रयत्न केला. सगळा दोष माझ्यावर घ्यायच्या आधी हे मला सांगू द्या. मासा न घालता, समुद्री शेवाळ आणि सुकी मशरूम भिजवून तसंच पाणी करता येतं. जपानी देवळांतले भिक्षू तसंच करतात म्हणे. मी शनिवारची अख्खी सकाळ घालवून तसा भात केला. रंग तोच, गाजर तेच, तांदूळ तोच. आईने एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि वाडगा हळूच पुढे सरकवला. "आज त्या बाईचा हात नाही ह्याला." दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच भात दिला, पुन्हा दोनच घास. तिसऱ्या दिवशी तिने पेजही नको म्हटलं आणि दुपारभर झोपून राहिली. चौथ्या दिवशी मी दुकानातून डबे आणले.

तेव्हा मला कळलं की तिला भात आवडलेलाच नव्हता. तिच्या तोंडाला बेचाळीस वर्षांनी मासा लागला होता, आणि तिची जीभ त्याच्या मागे जेवायला परत आली होती. हे कळूनही मी डबे आणत राहिले. लेबल आधीच सोलून टाकायचे, डबा रिसायकलिंगच्या पिंपात तळाशी घालायचे. ती समाधानाने जेवायची आणि मी तिच्यासमोर बसून तिचा प्रत्येक घास बघायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं. ती मध्येच मान वर करून बघायची, मी लगेच विचारायचे, "काय गं, काय झालं?" ती म्हणायची, "कुठे काय?" वजनकाट्यावर ती पन्नासच्या वर गेली. डॉक्टर म्हणाली, व्हॉटेव्हर यू आर डूइंग, कीप डूइंग इट.

एप्रिलमध्ये मंगळवारी सकाळी साडेनऊला माझी मीटिंग चालू असताना भावजयीचा फोन आला. मी दोनदा कट केला. तिसऱ्यांदा उचलला. भाऊ संध्याकाळी कामावरून आला, चहा मागितला, सोफ्यावर बसला, आणि चहा होईपर्यंत गेला होता. सेहेचाळीस वर्षांचा. छातीत दुखतंय असंसुद्धा म्हणाला नाही. मीटिंगमधला कोणीतरी हेडफोनमधून "यू आर ऑन म्यूट" म्हणत होता. मी हेडफोन काढला आणि मागे वळले तर आई दारात उभी. तिला काही सांगावं लागलं नाही. ती फक्त म्हणाली, "माझा पोर?" मी मान हलवली.

तिला नेता आलं नाही. ग्रीन कार्डचा अर्ज चालू असताना परवानगीशिवाय देश सोडला तर अर्ज बाद होतो, आणि परत इथे येता येईल याची खात्री नाही. मी तातडीच्या परवानगीसाठी अर्ज केला, फोनवर तासतास बसले, एका अधिकाऱ्याशी इंग्रजीत भांडले, दुसरीपुढे रडले. परवानगी आली, तेरावं झाल्यावर तीन दिवसांनी. तोवर आईच म्हणाली, "आता कशाला?" मीही गेले नाही, तिला कोणावर सोडून जाणार? अंत्यविधी व्हिडिओवर दाखवू का, असं भावजयीने विचारलं होतं. आई म्हणाली, "त्याला मी डोळे उघडताना बघितलंय. मला तेवढंच राहू दे."

आणि ती पुन्हा जेवेनाशी झाली. तपकिरी भात मी समोर ठेवला तर तिने तो झाकून ठेवला. मी जबरदस्ती केली नाही. तो डबा हातात धरायची मलाच भीती वाटत होती. फेकूनही देववेना. तो तसाच फ्रिजमध्ये मागे पडून राहिला, शेवटी मुलीनेच टाकला.

त्यानंतर महिनाभर हेच चाललं. आई दिवसभर एकच प्रश्न विचारायची, "माझ्याकडून काय चुकलं असेल गो?" आणि मग आठवायला बसायची. यंदा रवळनाथाला नारळ पाठवायचा राहिला. कुळदेवीची ओटी बाबांच्या आजारपणात भरली नाही. इकडे यायच्या दिवशी घाईत देव्हाऱ्यातला दिवा विझला होता. तिला पंचवीस वर्षांपूर्वीची एक अर्धवट सोडलेली एकादशीसुद्धा आठवली. मी सांगायचे, "आई, त्याचं बीपी होतं, तो गोळ्या घेत नव्हता, दिवसाला दहा सिगारेटी ओढायचा. यात तुझं काय चुकलं?" ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "ओटीच असेल. ओटी भरायला हवी होती."

मी ते ऐकत भांडी घासायचे. मला वाटायचं, ही बाई अंधारात चाचपडतेय आणि दिव्याचं बटण माझ्या हातात आहे. एकच गोष्ट तिच्या यादीत नव्हती, आणि ती फक्त मला माहीत होती. माझ्या मनात आलं, सांगून टाकावं. तिचा नवस तिने मोडलाच नाही, मी मोडला. तिने अजाणता खाल्लं, अजाणत्याला देवही दोष देत नाही. राग येईल, माझं तोंड बघणार नाही, शिव्याशाप देईल, देऊ दे. निदान स्वतःला तरी खाणं थांबवेल. मला हे फार मोठ्या मनाचं वाटलं तेव्हा. आता वाटतं, मलाच ओझं उतरवायचं होतं.

एका दुपारी ती टेबलाशी बसून कोथिंबीर निवडत होती. स्वतः खात नव्हती, पण माझं काम हलकं करायची. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आई, तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं. तो तपकिरी भात माशाच्या पाण्यात शिजवलेला असायचा. मला डिसेंबरात कळलं आणि मी तुला सांगितलं नाही. तुझा नवस मी मोडला. काय बोलायचं ते मला बोल."

तिच्या हातातली जुडी थांबली नाही. पिवळी पानं एकीकडे, देठ एकीकडे.

"मला पहिल्या घासालाच कळलं होतं," ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय कळलं होतं?"

"सुका मासा. धुरावरचा. बेचाळीस वर्षं वासावरून मीठ सांगितलं मी, आणि मला नाही कळणार?"

"मग खाल्लंस कशाला?" मी ओरडले. हो, ओरडले. महिन्यापूर्वी मुलगा गेलेल्या बाईवर.

"चांगला लागला म्हणून." तिने आता माझ्याकडे बघितलं. "इतका चांगला लागला गो. तोंडात घोळवतच राहिले. म्हटलं, एवढाच डबा. मग तू अजून चार आणलेस. म्हटलं, हिला ठाऊक नाहीये, हिने सांगितलं की थांबायचं. तू नाही सांगितलंस. मधे एकदा तू बिनमाशाचा करून दिलास ना, तेव्हा समजले की तुलाही कळलंय. वाटलं, आता सांगेल. मग तू परत तोच आणलास. मीही गप्प खाल्ला."

"आणि महिनाभर काय चुकलं, काय चुकलं म्हणून विचारतेयस ते?"

"दुसरं काही सापडतंय का बघत होते," आई म्हणाली.

मी उठून तिच्याजवळ गेले, तिचे हात धरले. कोथिंबिरीने ओले, गार हात. मी बोलत सुटले. आई, असं काही नसतं. भातात काय आहे ते बघून कोणाचं हृदय बंद पडत नाही. लाखो लोक नवस मोडतात. लहानपणी तो औषधांनी वाचला आणि आता सिगारेटींनी गेला, मधे देव कुठेच नव्हता. तुझ्या घासाचा आणि त्याच्या मरणाचा काडीचाही संबंध नाही. मी रडत होते आणि मुद्दे मांडत होते, मीटिंगमध्ये मांडते तसे.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग माझे हात अलगद सोडवले.

"संबंध नाही ना?" ती म्हणाली. "मग तू माझ्यापासून लपवलंस कशाला?"

मी टेबलावरची देठं गोळा करायला लागले. खरंच उत्तराची वाट बघितली तिने. मग निवडलेली कोथिंबीर धुवायला सिंककडे गेली.

या गोष्टीला आता वर्ष होईल. आई माझ्याच घरात आहे, तिचं ग्रीन कार्ड आलंय. ती भात खात नाही, कुठलाच. भाकरीचा चतकोर दुधात कुस्करून खाते, तो सुद्धा मी खोलीत नसताना. वजन चाळीसवर आलंय. डॉक्टरने मला विचारलं, आधी तुम्ही जे देत होता ते पुन्हा का देत नाही?